तंजावरसाठी वाट वाकडी करावी का? कोरोमंडल किनाऱ्याने जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पुदुच्चेरीहून निघून चिदंबरम, तरंगमबाडी, नागपट्टिणम, वेलांकण्णी असे करत किनाऱ्याकिनाऱ्याने रामेश्वरपर्यंत जाण्याचा बेत ठरला, की घरात एक प्रश्न हमखास निघतो. तंजावर समुद्रापासून बरेच आत आहे, मग हातचा किनारा सोडून तिकडे जावे की नाही? मी या वाटेने दोनदा गेलो आहे. पहिल्या वेळी पहाटे पुदुच्चेरी सोडून रात्री तिथेच परतायचे, असा एका दिवसाचा बेत केला होता. चार तासांहून अधिक प्रवास करून तंजावरच्या मोठ्या बृहदीश्वर देवळाच्या दाराशी पोहोचलो, तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. गाभारा बंद होण्याच्या वेळेला आलो होतो, पायाखालचा दगड तापलेला होता आणि बरोबरची वयस्क मंडळी सावली शोधत बसून राहिली. राजवाडा धावतपळत पाहिला, देवळातला मराठी शिलालेख तर पाहिलाच नाही, आणि इतक्या लांब उगाच आलो असे म्हणत परत फिरलो. काही वर्षांनी तिथे एक रात्र राहिलो, तेव्हा लक्षात आले की गाव चुकीचे नव्हते, वेळापत्रक चुकीचे होते. तुमची तशी फसगत होऊ नये म्हणून निर्णय कसा घ्यावा आणि घेतल्यावर तो पार कसा पाडावा, हे क्रमाने लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. तंजावरला एक रात्र आणि तिच्या दोन्ही बाजूंची संध्याकाळ व सकाळ देता येणार असेल, तर वाट जरूर वाकडी करावी. तेवढे देता येणार नसेल तर जाऊ नये. त्याऐवजी काय करावे तेही पुढे दिले आहे.

१. किलोमीटर मोजू नका, रात्री मोजा

बहुतेक जण नकाशा उघडतात, तंजावर किनाऱ्यापासून ऐंशी-शंभर किलोमीटर आत दिसते आणि जाण्यायेण्याचे दोनशे किलोमीटर धरून बेत रद्द करतात. हा हिशेब जाण्याची आणि परतण्याची वाट एकच धरल्यामुळे चुकतो. तुम्ही दक्षिणेकडे रामेश्वरच्या दिशेने जाणार असाल, तर ज्या ठिकाणी किनारा सोडला त्याच ठिकाणी परत येण्याचे काही कारण नाही.

तरंगमबाडीहून मायिलादुतुरै आणि कुंभकोणम करत तंजावर साधारण १०५ किलोमीटर पडते. तंजावरहून पट्टुकोट्टैमार्गे मल्लिपट्टिणमजवळ पुन्हा समुद्राला लागायचे, तर आणखी सुमारे ६५ किलोमीटर होतात, म्हणजे एकूण १७० च्या आसपास. तरंगमबाडीहून कारैकाल, नागपट्टिणम, वेदारण्यम असे किनारा न सोडता मल्लिपट्टिणमला गेले, तरी माझ्या मोजणीप्रमाणे दीडशे किलोमीटरच्या जवळपास अंतर होतेच. वीसपंचवीस किलोमीटरच्या फरकासाठी तंजावर सोडून द्यावे, असे मला वाटत नाही. खरी किंमत मोजावी लागते ती एका मुक्कामाची. त्यामुळे प्रश्न अंतराचा न ठेवता असा ठेवा: आपल्या बेतातली कोणती एक रात्र तंजावरला देता येईल? पुदुच्चेरीतली तिसरी रात्र किंवा वेलांकण्णीची दुसरी रात्र बहुधा सहज निघते.

मात्र तुम्ही पुदुच्चेरीहून फार तर चिदंबरमपर्यंत येऊन परत उत्तरेला वळणार असाल, तर हा हिशेब लागू पडत नाही. पुदुच्चेरी ते तंजावर हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि तेवढे जाऊन त्याच वाटेने परतायचे असेल तर किमान दोन रात्री हाताशी हव्यात.

२. किनाऱ्यावर जे पाहणार आहात, त्याचा उगम कुठे आहे ते ओळखा

वाट वाकडी करण्याचे सर्वांत मोठे कारण देवळाची उंची हे नव्हे. या किनाऱ्यावर तुम्ही जे पाहता, त्यातले बरेचसे तंजावरच्या आज्ञेने किंवा संमतीने उभे राहिले आहे. तरंगमबाडीचा डॅन्सबोर्ग किल्ला डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये बांधायला घेतला, तो तंजावरचा तेव्हाचा राजा रघुनाथ नायक याच्याशी करार करून. नागपट्टिणमला सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्याच्या राजाने बौद्ध विहार उभारला आणि त्याच्या खर्चासाठी आनैमंगलम हे गाव लावून देणारा राजा होता पहिला राजराज चोल. लायडन ताम्रपट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखांत ती नोंद आहे. नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला, असे सांगितले जाते. मल्लिपट्टिणमजवळचा मनोरा हा बुरूज तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांचा. समुद्रकाठ ही या राज्याची वेस होती आणि राजधानी कावेरीच्या भातखाचरांमध्ये होती. नुसती वेस पाहून परतणाऱ्याला ही नावे एकमेकांशी जोडता येत नाहीत, आणि माझ्या पहिल्या प्रवासात नेमके तेच झाले होते.

मराठी माणसासाठी आणखी एक कारण आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजी वारस न ठेवता निवर्तले तोवर भोसल्यांचे घराणे तिथे नांदले. शेवटच्या अर्धशतकात प्रत्यक्ष कारभार इंग्रजांकडे गेला होता, तरी दरबार, ग्रंथसंग्रह आणि विद्येचा आश्रय चालूच राहिला. पावणेदोनशे वर्षांच्या या काळात तिथे मराठीत कारभार झाला, नाटके रचली गेली, ग्रंथ लिहिले आणि छापले गेले. महाराष्ट्रापासून इतक्या लांब आपली भाषा दगडावर आणि कागदावर इतक्या विपुलतेने क्वचितच भेटते.

३. आपण कोणत्या प्रकारचे प्रवासी आहोत, हे प्रामाणिकपणे ठरवा

बरोबरच्या माणसांपैकी निदान दोघांना शिल्प, लेख, मूर्ती किंवा गाणे यांपैकी कशात तरी मनापासून रस असेल, तर तंजावर त्यांना भरभरून देईल. सगळ्यांचा ओढा समुद्राकडेच असेल, मुले लहान असतील आणि वाळूत खेळण्यासाठीच निघालेली असतील, तर त्यांना देवळाच्या आवारात चार तास बसवणे त्यांच्यावर अन्याय आहे. अशा वेळी चिदंबरमचे नटराज मंदिर पाहावे. ते जवळजवळ किनाऱ्याच्या वाटेवरच आहे.

मधला मार्गही आहे, आणि तो फार थोड्यांना सुचतो. रात्र काढता येत नसेल पण अर्धा दिवस मोकळा असेल, तर मायिलादुतुरैवरून फक्त कुंभकोणमपर्यंत जा आणि लगतच्या दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर पाहून परत या. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधवलेले हे मंदिर तंजावरच्या मानाने लहान आहे, पण त्याच्या खांबांवरचे बारीक काम आणि चाके व घोडे कोरून रथासारखा केलेला मंडप निवांतपणे पाहता येतो. घाईघाईत पाहिलेल्या तंजावरपेक्षा सावकाश पाहिलेले दारासुरम कितीतरी बरे.

४. ऋतू आणि तारखा तपासा

आपल्याकडचा पावसाळ्याचा हिशेब इथे चालत नाही. या किनाऱ्याला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि त्याच दिवसांत चक्रीवादळेही होतात. नोव्हेंबर २०१८ च्या गज वादळाने नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या परिसराची मोठी हानी केली होती. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल, तर हवामान खात्याचा अंदाज रोज पाहावा आणि बेतात एक दिवस राखून ठेवावा. एप्रिल आणि मे महिन्यांत, विशेषतः वयस्क माणसे बरोबर असताना, मी तंजावरला जाऊ नका असेच सांगेन. देवळात अनवाणी चालावे लागते आणि दुपारच्या दगडावर पाऊल टिकत नाही.

सर्वांत चांगला काळ जानेवारी आणि फेब्रुवारीचा. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो आणि माट्टू पोंगलच्या दिवशी बृहदीश्वराच्या आवारातील प्रचंड नंदीला फळांनी आणि भाज्यांनी सजवतात. तंजावरपासून तेराएक किलोमीटरवरच्या तिरुवैयारू येथे कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांची आराधना पुष्य बहुल पंचमीला, आपल्या पौष वद्य पंचमीला, होते, म्हणजे बहुतेक वर्षी जानेवारीतच. हे दोन्ही सोहळे पाहण्यासारखे आहेत, पण त्या दिवसांत खोली आयत्या वेळी मिळत नाही, तेव्हा आरक्षण बरेच आधी करावे.

५. कागदपत्रे आणि सामान

कागदपत्रे थोडी आहेत, पण एखादे विसरले तर अडचण होते. मुक्कामासाठी प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे आधार कार्ड किंवा दुसरे छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ असावे. स्वतः गाडी चालवणार असाल, तर वाहन परवाना, नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र हवे. सरस्वती महाल ग्रंथालयातील एखादे हस्तलिखित अभ्यासासाठी पाहायचे असेल, तर आधी पत्रव्यवहार करून परवानगी घ्यावी आणि त्या पत्राची प्रत बरोबर ठेवावी. तिथे जाऊन केलेल्या विनंतीवर विसंबू नये.

भाड्याच्या गाडीबाबत एक सापळा आहे. पुदुच्चेरी आणि कारैकाल हे केंद्रशासित प्रदेशाचे भाग आहेत आणि त्यांच्यामधला सगळा मुलूख तमिळनाडूत येतो. पुदुच्चेरीतून भाड्याने घेतलेली गाडी राज्याची हद्द ओलांडणार असल्याने परवान्याचा आणि कराचा खर्च ठरलेल्या भाड्यात धरला आहे की नाही, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. आमच्याकडून ही रक्कम वाटेत वेगळी मागण्यात आली आणि त्यावरून अर्धा तास वाद झाला. चालकाचा रात्रीचा भत्ता आणि गाडी एका ठिकाणी सोडून दुसऱ्या ठिकाणी रिकामी परतण्याचे भाडे याबद्दलही तेव्हाच बोलून घ्यावे.

सामानात जाड सुती मोजे, पाण्याची बाटली, खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे, एक लहान दुर्बीण आणि एक विजेरी हवी. शिखरावरच्या मूर्ती उघड्या डोळ्यांना नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसतात, म्हणून दुर्बीण घ्यायची. विजेरी कशासाठी, ते सातव्या टप्प्यात सांगतो.

६. आत शिरण्याची वाट आणि मुक्कामाची जागा

तरंगमबाडीहून सकाळी न्याहारी करून निघालात, तर कुंभकोणमपर्यंत दोन तास धरा. वाट खेड्याखेड्यांतून आणि कालव्यांच्या काठाने जाते, वेग घेता येत नाही आणि घेऊही नये. दोन्ही बाजूंची भाताची खाचरे नीट पाहत जा, कारण पुढे जे दगडी वैभव दिसणार आहे त्याचा पैसा या खाचरांतूनच आला आहे. दारासुरम दुपारच्या आत पाहून घ्यावे, कुंभकोणमला केळीच्या पानावर जेवावे, कॉफी घ्यावी आणि चार वाजण्याच्या सुमारास तंजावर गाठावे. कुंभकोणम ते तंजावर सुमारे चाळीस किलोमीटर आहे.

रेल्वेने येणार असाल, तर चिदंबरम आणि मायिलादुतुरै ही स्थानके चेन्नईकडून कुंभकोणममार्गे तंजावरला येणाऱ्या लोहमार्गावरच आहेत, आणि नागपट्टिणमहून तिरुवारूरमार्गेही तंजावरला गाडी मिळते. तंजावरचे रेल्वे स्थानक देवळापासून जवळ आहे. बसने येणाऱ्यांनी मात्र नीट ऐकावे: नवे बसस्थानक गावाबाहेर काही किलोमीटरवर आहे आणि जुने बसस्थानक गावात आहे. बाहेरगावच्या बऱ्याच बस नव्या स्थानकावर थांबतात, तेव्हा तिथून शहरात येणारी बस किंवा रिक्षा धरावी लागेल. मुक्काम जुने बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि मोठे देऊळ यांच्यामधल्या भागात असावा. स्वस्त मिळाली म्हणून गावाबाहेरची खोली घेतली, तर संध्याकाळी आणि पहाटे असे दोनदा देवळात जाणे होत नाही, आणि ते होणार नसेल तर रात्र राहण्यातला निम्मा लाभ गेला.

७. मोठे देऊळ: संध्याकाळी एकदा, सकाळी पुन्हा

स्थानिक लोक बृहदीश्वराला ‘पेरिय कोविल’ म्हणतात, म्हणजे मोठे देऊळ. रिक्षावाल्याला हेच नाव सांगावे. पहिल्या राजराज चोलाने बांधवलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. ग्रॅनाइटचे त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, साठ मीटरांहून उंच आहे. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, आणि २००४ मध्ये दारासुरम व गंगैकोंडचोलपुरम ही मंदिरेही त्याच नोंदीत आली. गाभाऱ्याचे दर्शन दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असते, म्हणून दुपारचा वेळ इथे खर्च करू नये.

पहिल्या संध्याकाळी काहीही शोधू नका. सूर्य उतरणीला लागला, की शिखराचा दगड पिवळा, मग तांबूस आणि शेवटी राखाडी होत जातो. आवारात गावातली कुटुंबे येऊन बसतात, मुले पळतात, आणि ही वास्तू हजार वर्षे वापरात राहिली आहे हे कोणी न सांगता कळते. दुसऱ्या दरवाजापाशी, म्हणजे राजराजन तिरुवासलपाशी, भव्य द्वारपाल आहेत. त्यांतल्या एकाच्या पायाशी हत्तीला गिळणारा साप कोरलेला आहे. हत्ती एवढासा, त्याला गिळणारा साप त्याहून मोठा, आणि तो साप ज्याच्या पायाशी आहे तो द्वारपाल केवढा असेल, हे शिल्पकाराने एका शब्दाविना सांगितले आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा या. आता जोत्यावरच्या तमिळ लेखांकडे वळा. राजराजाने असे नमूद करवले आहे, की आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले दान या दगडावर कोरावे. एका सम्राटाने आपल्यानंतर लगेच बहिणीचे नाव घ्यावे, हे मला फार मोलाचे वाटते. याच लेखांत देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या सुमारे चारशे नर्तकींची नावे, त्या कुठल्या देवळातून आल्या आणि इथे कोणत्या घरात राहतात, अशा तपशिलासह दिली आहेत. तमिळ लिपी वाचता येत नसली, तरी ओळींची ती न संपणारी रांग पाहावी.

मग विजेरी काढा आणि प्राकाराच्या, म्हणजे आवाराभोवतीच्या भिंतीच्या, नैऋत्य बाजूला जा. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथल्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने तो लेख ओळखला जातो. आधी नुसता खडबडीत दगड दिसतो. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला, की खाचांत सावल्या पडतात आणि देवनागरी अक्षरे वर येतात. अक्षरांचे वळण जुने आहे, त्यामुळे पहिल्या दोन ओळींना वेळ लागतो, पण नजर बसली की शहाजी, शिवाजी, एकोजी ही नावे सापडू लागतात. चारी बाजूंनी तमिळ ऐकू येत असताना मी एकेक अक्षर लावत एक वाक्य पूर्ण केले आणि ते मला कळले. त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा तेवढाच प्रवास करीन. लेखाला हात लावू नये, खडू किंवा पाणी लावून अक्षरे उठावदार करू नयेत. बोट हवेतच ठेवून ओळीमागून ओळ वाचावी.

इथले दोन गैरसमज आधीच दूर करतो. या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. सावली पडते, सकाळ-संध्याकाळ ती आवारात स्वतः पाहावी. दुसरे म्हणजे, गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या प्रदक्षिणामार्गातील प्रसिद्ध चोलकालीन भित्तिचित्रे सर्वांसाठी खुली नसतात. तीच पाहण्यासाठी येणार असाल तर हिरमोड होईल. कोणी पैसे घेऊन आत नेतो म्हणाले, तर स्पष्ट नकार द्यावा.

८. राजवाडा, मूर्ती आणि सरस्वती महाल

सकाळी दहाच्या सुमारास राजवाड्याकडे निघावे. हा वाडा मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांनी बांधला आणि पुढे मराठ्यांनी वाढवला, त्यामुळे आवारात वेगवेगळ्या काळांच्या इमारती एकमेकींत शिरलेल्या आहेत. काही दालने रंगवलेली आहेत, तर काही भाग जीर्ण झालेले आहेत. निरनिराळ्या विभागांना वेगळी तिकिटे लागू शकतात, तेव्हा पहिल्याच खिडकीवर कोणते तिकीट कुठे चालते, हे विचारून घ्यावे.

वेळ कमी असेल तर कलादालनाला सर्वाधिक वेळ द्या. तिरुवेंगाडू येथे सापडलेला वृषवाहन शिव इथे आहे; हे ब्राँझ १०११ चे, म्हणजे मोठे देऊळ पूर्ण झाल्यानंतर वर्षभरातले. शिव एका पायावर भार देऊन, दुसरा पाय सैल सोडून उभा आहे, जटा सापांच्या वेटोळ्यांसारख्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या आहेत, आणि उजवा हात कोणाच्या तरी पाठीवर टेकवावा तसा हवेत आहे. ज्याच्यावर तो रेललेला होता तो नंदी आज नाही. तरीही हाताच्या त्या सैल ठेवणीवरून बैल किती उंच होता आणि किती ओळखीचा होता, हे कळते. या मूर्तीभोवती एक फेरी पूर्ण करावी. पाठीकडून ती अधिकच सुंदर आहे.

सरस्वती महाल ग्रंथालयाची सुरुवात नायकांच्या काळातली असली, तरी त्याला आजचे रूप दुसऱ्या सरफोजींनी दिले. ताडपत्रांवरची आणि कागदांवरची चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते तिथे आहेत: संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी. तंजावरच्या राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रचलेली मराठी नाटके याच संग्रहामुळे वाचली. प्रवाशांना दिसते ते संग्रहालयाचे दालन, संपूर्ण ग्रंथसंग्रह नव्हे, हे ध्यानात ठेवून जावे, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. सरफोजींनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना चालवला होता, आणि त्यांच्याकडे आलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवलेल्या होत्या. या राजाचे कुतूहल किती चौफेर होते, ते या दालनात फिरताना पावलोपावली जाणवते. उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचा वार निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्यावा, कारण राजवाड्याचे इतर विभाग उघडे असताना ग्रंथालय बंद असू शकते.

९. काय गाळावे

एका रात्रीच्या मुक्कामात सगळे होत नाही. तासभर उरला तर शिवगंगा उद्यानातील १७७९ चे श्वार्ट्झ चर्च पाहावे. सरफोजींचे गुरू असलेल्या श्वार्ट्झ यांच्या अंतसमयी सरफोजी त्यांच्यापाशी उभे आहेत, असे जॉन फ्लॅक्समन यांनी घडवलेले संगमरवरी शिल्प तिथे आहे. एका मराठी राजाने आपल्या ख्रिस्ती गुरूविषयी दाखवलेली ही माया पाहण्यासारखी आहे. गंगैकोंडचोलपुरम सुंदर आहे, पण तंजावरहून ते सत्तर किलोमीटरच्या आसपास पडते, तेव्हा ते या फेरीत कोंबू नये. सांबार हा पदार्थ संभाजी महाराजांच्या नावावरून तंजावरच्या मुदपाकखान्यात जन्मला ही गोष्ट तुम्हाला ऐकवली जाईल. ती कौतुकाने ऐकावी, इतिहास म्हणून नोंदवू नये. खरेदी करायचीच असेल तर सोन्याच्या वर्खाची चित्रे घेताना वर्ख खरा आहे की नुसता सोनेरी कागद, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. मान डोलावणाऱ्या बाहुल्या मुलांना आवडतात आणि त्यात फसगतीचा प्रश्न येत नाही.

१०. किनाऱ्याला परत लागताना

दुपारचे जेवण आटोपून एक-दीडच्या सुमारास निघावे, आणि आल्या वाटेने परत न जाता पट्टुकोट्टैचा रस्ता धरावा. दीडदोन तासांत मल्लिपट्टिणमजवळ मनोरा दिसू लागतो. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ दुसऱ्या सरफोजींनी तो १८१४-१५ मध्ये बांधवला. षट्कोनी, मजल्यामागून मजला चढत जाणारा हा बुरूज, समोर पाल्कच्या सामुद्रधुनीचे उथळ, शांत पाणी. राज्य हातातून गेलेल्या राजाने दुसऱ्याच्या विजयासाठी तो का उभारला, याचा विचार सकाळी त्याचाच शिलालेख वाचून आलेल्या माणसाच्या मनात आपोआप येतो. किनाऱ्यावर फक्त मनोरा पाहणाऱ्याला तो प्रश्न पडण्याचे कारण नाही. इथे अर्धा तास थांबावे, शहाळे प्यावे आणि गाडीत पुरेसे इंधन असल्याची खात्री करून घ्यावी. रामेश्वर इथून अजून बरेच लांब आहे आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर गुरे बसलेली असतात, म्हणून त्या रात्री तिथपर्यंत पोहोचण्याचा हट्ट न धरता वाटेतच मुक्काम करावा.